नोटाबंदी, फंडपेटी आणि पाचशे रुपयांची अफवा

नोटाबंदीचं नाव काढलं की लगेच पक्षाचं भांडण सुरू होतं. ते क्षणभर बाजूला ठेवूया. मी पेडण्यात जे पाहिलं तेवढंच लिहितो. आयुष्यातली तीसेक वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी डिचोली आणि पेडणे तालुक्यांत. 2016 साली मात्र मी निवृत्त होतो, म्हणजे काउंटरच्या अलीकडच्या बाजूला.

8 नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीवर घोषणा झाली. देशातल्या चलनाच्या एकूण किमतीपैकी 86 टक्के रक्कम पाचशे-हजारांत होती, ती एका रात्रीत अडकली. 13 तारखेला पंतप्रधान गोव्यातच आले. आमच्याच तालुक्यातल्या मोपा विमानतळाची कोनशिला बसवली आणि त्याच दौऱ्यात देशाकडे पन्नास दिवस मागितले. पेडणेकरांनी ते जरा मनावरच घेतलं. पहिला आठवडा रांगेत कुरकुर होती, पण राग नव्हता.

राग आला तो रोज बदलणाऱ्या नियमांचा. नोटा बदलून घ्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन हजार. बोटाला शाई. 24 नोव्हेंबरनंतर बदलणंच बंद, फक्त खात्यात भरा. 19 डिसेंबरला तर हद्द झाली: पाच हजारांच्या वर एकदाच भरता येतील, आणि आजवर का भरले नाहीत याचं उत्तर दोन अधिकाऱ्यांसमोर द्यायचं. 21 तारखेला तो हुकूम मागे! काउंटरवरच्या पोरांनी कुठला कागद पाळायचा?

आम्ही दोघे निवृत्त कारकुनी जीव, एक शाळामास्तर आणि बचतगटाच्या तीन-चार मुली बँकेच्या पडवीत टेबल टाकून बसायचो. स्लिपा भरून द्यायच्या, आधारची झेरॉक्स जोडायची, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची. संध्याकाळी मास्तर नवा नियम मराठीत पुठ्ठ्यावर लिहून तिठ्यावर लावायचे. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण लोक त्या पुठ्ठ्यावर बातम्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवायचे, कारण लिहिणारा कोण ते माहीत होतं.

दुसरी अडचण सुट्ट्यांची. बँकेतून दोन हजारांची गुलाबी नोट मिळायची. ती घेऊन बांगडे आणायला गेलं तर मासळीवाली हसायची. तुळशीचं लग्न झालेलं, काल्या-जत्रांचे दिवस. आमच्या देवस्थान समितीने फंडपेटी वेळेआधी उघडली आणि दहा-वीसच्या नोटांची गाठोडी बँकेत आणून भरली. दोन दिवस काउंटरवरून देवाचे सुटे वाटले गेले. बाकी सगळं उधारीच्या वहीवर. पदेराने पावाचे पैसे महिनाभर मागितले नाहीत. डिचोलीत तर खाणी 2012 मध्ये बंद पडलेल्या, नंतर सुरू झाल्या तरी पूर्वीची रया नव्हती. तिथल्या दुकानदारांच्या वह्या आधीच जाड झाल्या होत्या. हा सगळा हिशेब कुठल्या सरकारी अहवालात येत नाही. तेव्हा 'कॅशलेस गोवा' म्हणून गाजावाजा चालला होता. आम्ही खरोखरच कॅशलेस होतो, पण वहीमुळे.

सगळ्यात वाईट वाटायचं बायकांचं. काजूच्या हंगामात, नारळ विकून, घरखर्चातून वाचवून ठेवलेल्या नोटा पदराआड धरून यायच्या. "घोवाक सांगूं नाका." पासबुकात आकडा चढला की ती बचत तिची राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातल्याच एका बायला जानेवारीत लुगड्याच्या घडीत पाचशेच्या नऊ नोटा सापडल्या. पहिल्या भाषणात 31 मार्चपर्यंत रिझर्व्ह बँकेत जाता येईल म्हटलं होतं. डिसेंबरअखेरच्या वटहुकुमात ती सवलत फक्त त्या काळात परदेशी असलेल्यांना उरली. मुलगा आखातात असता तर त्याच्या नोटा चालल्या असत्या, हिच्या नाहीत. कायद्याने दहा नोटांपर्यंत जवळ ठेवायला हरकत नव्हती, तेवढंच मी तिला सांगू शकलो. पुढे 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने आकडा दिला, 99.3 टक्के नोटा परत आल्या. न आलेल्यांत त्या नऊ होत्या.

हे आता का आठवलं, तर 2020 चा एप्रिल. टाळेबंदीत पत्रादेवी आणि दोडामार्गचे नाके बंद, आणि जनधन खात्यांत बायकांना पाचशे रुपये जमा होणार होते. या वेळी रांगेचा विचार आधी केला होता: खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे तारखा, शून्य-एकवाल्यांनी 3 एप्रिलला, आठ-नऊवाल्यांनी 9 ला. उत्तम योजना, बँकवाल्याला तर आवडेलच. पण तेवढ्यात देशभर अफवा उठली की लगेच काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेणार. सरकारने खुलासा केला, तरी बायका तारीख सोडून धावल्या.

लोक अडाणी म्हणून अफवा पसरली, असं शहरातले म्हणाले. मला नाही पटत. ती नऊ नोटांवाली बाय पहिल्याच दिवशी सकाळी आमच्या पेळेकडे उभी, तोंडाला पदर. तिचं खातं सातावर संपणारं, म्हणजे तारीख 8.

"बाय, पैसे खंय वचनात," मी म्हटलं.

"तेन्नाय तशेंच सांगलेलें, बाब."

मग आम्ही बचतगटाच्या मुलींना फोन लावले. त्यांनी वाड्यावाड्यावर ज्याच्या-त्याच्या तारखा कळवल्या. तिची तारीख मी कागदावर लिहून दिली. तिने तो कागद घेतला, घडी घातली, आणि तरीही बँकेच्या दिशेनेच गेली.