आजीचा सूर आणि यंत्राचे पर्याय

आमच्या अमरावतीच्या घरीं, देवघराशेजारच्या कपाटांत, चाळीस वर्षांहून अधिक काळ एक कॅसेट पडून होती. १९७८ सालच्या कार्तिकांत अकोल्याच्या जुन्या वाड्यांत भजन चाललें असतां कोणीसें टेपरेकॉर्डर मध्यें ठेवून ती भरून घेतली होती. तींत आमची आजी राष्ट्रसंत तुकडोजीमहाराजांचें एक भजन म्हणत आहे, धाकटे काका पेटीवर आहेत, आणि शेजारचे एक भजनी गृहस्थ खंजिरी वाजवीत आहेत. खंजिरीचें भजन म्हणजे आम्हां वऱ्हाडकरांच्या अंगणांतलेंच. महाराजांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावलीस झाला, मोझरीचा गुरुकुंज आश्रमही आमच्याच जिल्ह्यांत. त्यामुळें १९६८ सालीं महाराज गेले तरी त्यांच्या खंजिरीचा ठेका येथल्या घरोघरीं राहिला. कॅसेट भरल्यावर तीन वर्षांनीं आजी गेली. तिचा आवाज म्हणून जें कांहीं उरलें आहे, तें एवढेंच.

पण या कॅसेटविषयीं घरांत एक जुनी कुरबूर होती. तींतला आवाज बारीक, किनरा आणि घाईचा. मुलें तो ऐकून हंसत. अकोल्याचे काका तर ती लावूंच देत नसत. "हा आईचा आवाज नव्हे," एवढें म्हणून ते उठून जात. आज काकांचें वय चौऱ्यायशीं आहे. आजीला रोज गातांना ऐकलेला माणूस घरांत आतां तेवढाच एक. त्यांचें हें बोलणें आम्ही आजवर मातृप्रेमावर घालीत आलों. मागल्या दिवाळींत तें अक्षरशः खरें ठरलें, त्याची ही हकीकत आहे.

निमित्त झालें तें काकांच्या नातीचें. नऊ वर्षांची ही मुलगी, पणजीचें भजन पणजीकडूनच शिकेन म्हणून हटून बसली. पण लय जलद. शब्द आणि हरकती तिच्या हातीं लागेनात. तेव्हां पुण्यास संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्यानें ती कॅसेट संगणकांत उतरवून घेतली, आणि 'रबर बँड' नांवाच्या साधनानें ती संथ करून देण्याचें पत्करलें.

ज्या घरांत ग्रामोफोन होता त्यांना हें काम किती अवघड तें सहज कळेल. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी अडवून ३९ फेऱ्यांवर आणली, तर गाणें दुप्पट संथ होई खरें. पण सूरही सबंध सप्तकानें खालीं उतरे आणि कोमल कंठाची गायिका एखाद्या पहिलवानासारखी ऐकूं येई. कारण उघड आहे. सूर म्हणजे सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या. तबकडीचा वेग घटला कीं तीही घटली. लय आणि सूर हीं अशीं एकाच दाव्यानें बांधलेलीं होतीं. तें दावें सोडण्याची युक्ति विसाव्या शतकांत हळूहळू सांपडत गेली. १९६६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनॅगन व गोल्डन या दोघांनीं 'फेज व्होकोडर' नांवाची रीत प्रसिद्ध केली. ध्वनीचे बारीक बारीक, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्यांत कोणते नाद किती आहेत तें मोजावयाचें. आणि तेच नाद अधिक अंतर ठेवून पुन्हां मांडावयाचे. सूर तोच राहतो, काल मात्र लांबतो. ख्रिस कॅनम यांनीं लिहिलेलें 'रबर बँड' हें याच कुळांतलें. इतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांस आयतें वापरतां यावें म्हणून केलेल्या अशा साधनांच्या संग्रहास त्या विद्येंत 'लायब्ररी' म्हणतात.

या साधनास मुख्य आंकडे दोनच द्यावे लागतात: काल किती पट करावयाचा आणि सूर किती पट करावयाचा. त्यांखेरीज पर्यायांची एक लांबलचक यादी आहे. सर्व ध्वनि आधीं ऐकून घेऊन मग कामास लागावयाचें, कीं येईल तसतसें उरकावयाचें, हा त्यांतला एक. पाहुणे किती तें आधीं कळलें म्हणजे पंगतीचा स्वयंपाक नीट बेततां येतो. घरीं बसून प्रत काढावयाची असेल तर हा पहिला मार्गच बरा. दुसरा पर्याय आघातांचा: खंजिरीच्या थापेसारखा क्षणांत उठणारा नाद खणखणीत राखावयाचा, कीं गुळगुळीत होऊं द्यावयाचा. तिसरा 'फॉर्मंट'चा, त्याविषयीं पुढें सांगूं. आणि सर्वांत मोठा पर्याय इंजिनाचा: जुनें, झटपट काम करणारें घ्यावयाचें, कीं २०२२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेलें, अधिक नाजूक पण अधिक वेळ घेणारें.

दिवाळीस सर्व मंडळी अकोल्यास जमली. पुतण्यानें नव्या इंजिनावर आघातांचा पर्याय व त्याच्या जोडीचे आणखी कांहीं पर्याय बदलून भजनाच्या पांच प्रती करून आणल्या होत्या. फराळाचीं ताटें बाजूस सारून आम्ही सारे ऐकावयास बसलों. वहिनींना दुसरी प्रत आवडली. तींत खंजिरी अधिक स्पष्ट वाटली. आत्याबाईंनीं तिसरीस कौल दिला. आम्ही चौथीचा पक्ष घेतला, आणि तींत आजीच्या आवाजाचा ओलावा उतरला आहे असें बरेंच विद्वत्तापूर्ण भाषणही केलें. वाद अर्धा तास रंगला. मग कांहींसा शंकित होऊन पुतण्यानें लायब्ररीबरोबर दिलेली माहिती उघडून वाचली. तींत स्पष्ट लिहिलें होतें कीं हे पर्याय फक्त जुन्या इंजिनाचे आहेत. नव्या इंजिनावर त्यांचा कांहींएक परिणाम होत नाहीं. त्यानें पांचही प्रती संगणकाकडून ताडून पाहिल्या, तों त्यांत एका आंकड्याचाही फरक निघेना. वहिनी हंसत आंत निघून गेल्या. आम्हांला मात्र आमच्या ओलाव्याची फार लाज वाटली.

या फजितींतून एक चांगली गोष्ट निघाली. यापुढें कोणती प्रत कोणती तें न सांगतां ऐकवावयाची, आणि ऐकणारा एकच, अकोल्याचे काका, असें ठरलें. ते इतका वेळ ओसरीवर पाठ करून बसले होते. मोठ्या मिनतवारीनें आंत आले आणि संवयीनें पेटीजवळ बसले. पेटी तीच, १९७८ सालची.

तेवढ्यानेंच पहिला धागा सांपडला. आजी काळी चारमध्यें गात असे हें काका ठामपणें सांगत. कॅसेट लावून पेटीवर सूर जुळवूं गेलों, तर षड्ज लागला पांढरी सहांत, म्हणजे अर्ध्या स्वरानें वर. भजनाच्या आरंभीं तोच, शेवटींही तोच. कॅसेट दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिली, तरी तेंच. तेव्हां दोष आतांच्या यंत्रांचा नव्हे, भरतेवेळचा. त्या दिवशीं टेपरेकॉर्डरमधले सेल उतरले असावेत. फीत संथ सरकली, आणि पुढें योग्य वेगानें लावतांच सर्व कांहीं चढलें. अर्धा स्वर म्हणजे शंभरास सुमारें सहाचा फरक. आम्ही पांच मिनिटांचें म्हणून ऐकत आलों तें भजन आजीनें प्रत्यक्षांत जवळजवळ पांच मिनिटें अठरा सेकंद म्हटलेलें होतें.

पुतण्यास दुरुस्ती सोपी वाटली. त्यानें रबर बँडला सूर अर्ध्या स्वरानें उतरविण्यास सांगितलें, काल तसाच ठेवला, आणि आवाज बिघडूं नये या सद्धेतूनें फॉर्मंट राखण्याचा पर्याय लावला. काकांनीं तें ऐकून पेटीवर काळी चार धरली. सूर तंतोतंत मिळाला. तरी ते मान हलवूं लागले. म्हणाले, "सूर आला रे, पण माणूस आलं नाहीं."

येथें फॉर्मंट म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कंठांत उठलेला नाद घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांतून बाहेर पडतो, आणि त्या पोकळ्यांच्या घडणीप्रमाणें त्यांतले कांहीं नाद अधिक घुमतात. 'आ' आणि 'ई' यांतला भेद आपण त्यावरूनच ओळखतों, आणि बोलणारा लहान कीं मोठा याची खूणही बरीचशी त्यांतच असते. माणूस सूर चढवितो तेव्हां त्याचें तोंड लहान होत नाहीं. म्हणून यंत्रानें सूर बदलतांना ही घुमारी जागच्या जागीं ठेवण्याची सोय केलेली आहे. पण आमच्या कॅसेटींत सूर आजीनें चढविला नव्हता, फितीनें चढविला होता, आणि त्याबरोबर घुमारीही चढविली होती. पुतण्यानें सूर उतरविला खरा, पण पर्याय लावून ती चढलेली घुमारी मात्र जपून ठेवली. भजन आजीच्या सुरांत आलें, तरी तोंड त्या किनऱ्या अनोळखी बाईचेंच राहिलें. लयही घाईचीच होती.

खरी दुरुस्ती इतकी साधी होती कीं तिला रबर बँडची गरजच नव्हती. सबंध ध्वनीचा वेगच शंभरास सहाच्या सुमारानें कमी करावयाचा. लय, सूर आणि घुमारी तिन्ही एकत्र चढलीं होतीं, तीं एकत्र उतरवावयाचीं. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्यें तें एका मिनिटांत होतें. ग्रामोफोनच्या काळीं ज्याला आपण दोष म्हणत होतों, तेंच दावें येथें उपायास आलें. पुतण्यानें तशी प्रत केली आणि कांहीं न सांगतां लावली.

पहिल्या ओळीसच काकांचा हात पेटीवर थांबला. भाता सुटला. दुसरें कडवें झालें तेव्हां त्यांनीं नातीस जवळ ओढलें आणि म्हणाले, "ही माझी आई. ऐक नीट." आम्ही कोणीच कांहीं बोललों नाहीं. चाळीस वर्षें ते हेंच सांगत होते.

मग राहिलें नातीचें शिक्षण, आणि त्यासाठीं रबर बँड खरोखरच उपयोगी पडलें. दुरुस्त प्रतीवरून काल दीडपट करावयाचा, सूर हलवावयाचा नाहीं. जुन्या इंजिनावर करून पाहिलें, तर आघात खणखणीत ठेवले असतां खंजिरी नेमकी वाजे, पण आजीच्या लांब सुरांत मधून मधून खरखर येई. गुळगुळीत पर्याय घेतला तर सूर सलग होई, पण खंजिरीची थाप ओल्या पिठावर पडल्यासारखी पसरे. नव्या इंजिनानें दोन्ही बरींच सांभाळलीं. पुतण्याचा संगणक अधिक वेळ राबला एवढेंच. या वेळीं प्रतींवर नांवें नव्हतीं, आणि तरीही सर्वांचा कौल एका प्रतीस पडला.

नातीचा गळा आजीहून उंच, काळी पांचचा. तिला सोबत गातां यावें म्हणून आणखी एक प्रत केली. तींत सूर एका पूर्ण स्वरानें चढविला. फॉर्मंट राखण्याचा जो पर्याय पूर्वीं घातक ठरला, तोच येथें आवश्यक झाला. त्यावांचून आजी पुन्हां किनरी होत होती. तो लावल्यावर आजी आजीच राहिली, जरा वरच्या पट्टींत गाणारी. पर्याय एकच, फितीनें केलेली चूक निस्तरतांना तो चुकीचा, आणि आपल्या सोयीसाठीं कांहीं बदलतांना तोच बरोबर. केवळ 'चांगला पर्याय कोणता' हा प्रश्न आम्ही प्रथमपासून विचारीत होतों, आणि त्याला उत्तरच नव्हतें. आधीं ठरवावयाचें होतें तें हें, कीं आपण कोणाचा बदल करीत आहों: यंत्रानें बिघडविलेल्याचा, कीं माणसानें गाइलेल्याचा.

अशा कॅसेटी पुष्कळ घरांतून पडून असतील. लग्नांतलीं मंगलाष्टकें असतील, आजोबांचें पुराण असेल. वाचकांना आमची विनंति एवढीच, कीं प्रथम ती जशीच्या तशी संगणकांत उतरवून ठेवावी, आणि त्या प्रतीस पुन्हां हात लावूं नये. मूळ कॅसेट टाकून देऊं नये. पुढें जी जी प्रत कराल तिच्या नांवांतच काल किती, सूर किती, कोणता पर्याय लावला, हें लिहून ठेवावें. नाहींतर वीस वर्षांनीं पुतण्यांचीं मुलें एखादी संथ केलेली प्रत हीच खरी समजतील. आणि घरांत तो आवाज ऐकलेलें एखादें जुनें माणूस असेल तर त्यास आधीं विचारावें, आजच विचारावें. आम्हांजवळ काका होते म्हणून निभावलें.

गेल्या महिन्यांत आम्ही अकोल्यास गेलों तेव्हां नातीचें भजन बसलें होतें. दीडपट संथ प्रतीविषयीं विचारलें, तर ती काकांनीं तिच्याकडून काढून घेतली होती. "शिकण्यापुरतीच होती ती," ते म्हणाले. "आई इतकी संथ कधीं गात नसे. पोरीच्या कानांत तशी राहायला नको." मग त्यांनीं पेटी ओढून घेतली, काळी पांच धरली, आणि नात आजीच्या लयींत गाऊं लागली.