तळपाय, चेंडू आणि चेपणारे हात

मराठीत संताप तळपायात पेटतो आणि मस्तकात जातो. हा वाक्प्रचार आम्ही दोघेही कित्येक वर्षे वर्गात समजावून देत आलो आहोत. पण ती वाट शरीरात खरोखरच कुठे आहे का, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाला सहसा पडत नाही. आम्हांला तो पडला टाचेमुळे. प्राध्यापकी हा बसून करण्याचा व्यवसाय आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी शहाबादी फरशीवर लागोपाठ चार तासिका उभे राहून 'ज्ञानेश्वरी' शिकवून पाहावी. पंचेचाळिशी गाठता गाठता आमच्यापैकी एकीची टाच सकाळी उठल्यावर जमिनीवर टेकेना, आणि दुसऱ्याची बोटे खाली वाकताना नडगीच्या मध्याशीच अडू लागली. फिजिओथेरपिस्टने दोघांनाही सांगितले ते एकच: टेनिसचा जुना चेंडू घ्या.

कृती सांगण्यासारखी मोठी नाही. खुर्चीवर बसायचे, चेंडू टाचेच्या पुढे ठेवून चवड्यापर्यंत सावकाश न्यायचा आणि परत आणायचा. वाटेत एखादी ठणकणारी जागा सापडतेच. तिथे थोडे थांबायचे, श्वास सोडायचा, भार सोसवेल तेवढाच द्यायचा. एका पायाला दोन मिनिटे पुरतात. गंमत पुढे आहे. एकाच पायाखाली चेंडू फिरवून मग उभे राहून वाकले, तर त्या बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली जातो. निदान आमचा गेला. काम तळव्यावर झाले आणि सैल झाली ती मांडीची मागची बाजू!

थॉमस मायर्स यांच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनाटॉमी ट्रेन्स' या पुस्तकात याचा एक नकाशाच आहे. तळव्यातील जाड पडदा, ज्याला प्लांटार फॅशिया म्हणतात, तिथून निघालेली रेषा टाच, पोटरी, मांडी, पाठ आणि मान अशी चढत डोक्यावरून थेट भुवयांपर्यंत पोचते. आमच्या वाक्प्रचाराला एवढा सज्जड पुरावा मिळाल्यावर आम्ही हुरळलो नसतो तरच नवल. 2015 साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी 24 निरोगी व्यक्तींवर केलेल्या छोट्या प्रयोगातही, दोन्ही तळव्यांखाली दोन-दोन मिनिटे टेनिसचा चेंडू फिरवणाऱ्यांचा बसून पुढे वाकण्याचा आवाका लगेच वाढलेला दिसला.

तरीही समीक्षकाची खोड जात नाही. चेंडूने हा पडदा 'मोकळा होतो', 'ताणून लांबतो' असे जे सर्रास सांगितले जाते, ते मान्य करणे कठीण आहे. हा पडदा फार चिवट. चालताना अंगठा वाकला की रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो आणि पायाची कमान उचलतो; हिक्स यांनी 1954 सालीच हे दाखवून दिले. संपूर्ण देहाचा भार पेलणारी ही दोरी दोन मिनिटांच्या चेंडूला बधेल कशी? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीनुसार, तिचा आकार एका टक्क्यानेही बदलायचा तर हाताच्या दाबाच्या आवाक्याबाहेरचे बळ लागते. तेव्हा बदलते ते बहुधा ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी. म्हणजे शरीर लांबत नाही, थोडे निर्धास्त होते. आम्हांला हे स्पष्टीकरण अधिक आवडते.

या साऱ्यात आम्हांला खरी नवी वाटली ती मात्र वेगळीच गोष्ट. तळपायाला तेल लावावे हे वाग्भटानेही 'अष्टांगहृदया'त आवर्जून सांगितले आहे, आणि काशाच्या वाटीने तळवे घासणे आपल्याकडे घरोघरी होते. पण 'पाय चेपणे' या क्रियेला आपल्या समाजात नेहमीच दोन माणसे लागली, आणि ती दोघे एका पातळीवर क्वचितच असत. शेषशायी विष्णूच्या चित्रात लक्ष्मी कुठे बसते ते पाहावे. गुरूचे पाय शिष्याने, मालकाचे गड्याने आणि सासूचे सुनेने चेपायचे, हा क्रम उलटा झालेला ऐकिवात नाही. अपवाद पंढरीच्या वाटेवर दिसतो. तिथे अनोळखी तरुण वारकऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात आणि दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात. एरवी चेपणारा खाली आणि चेपून घेणारा वर. चेंडूने ही उतरंड निकालात काढली. इथे सेवक नाही आणि सेव्यही नाही.

आमच्या घरी हे प्रत्यक्ष घडले. आई, म्हणजे आमच्यापैकी एकीच्या सासूबाई, रात्री पाय दुखले तरी सुनेला हात लावू देत नसत. "मी माझ्या सासूचे एकवीस वर्षं चेपले. तेवढं पुरे झालं आपल्या घराला," असे त्यांचे उत्तर असे. वाटीही त्या स्वतःच फिरवत, पण आता वाकवत नाही. त्यांना मधुमेह असल्याने डॉक्टरांनी आधी तळव्यांची संवेदना तपासली आणि टेनिसचा चेंडू बाद केला. बधिर तळव्याला जखम झाली तरी कळत नाही. मऊ स्पंजचा चेंडू चालेल, तोही बसूनच, आणि नंतर तळवा रोज पाहायचा, अशी परवानगी मिळाली.

आता त्या संध्याकाळच्या मालिकेसमोर चेंडू फिरवत बसतात. मध्येच एकदा म्हणाल्या, "बरं वाटतं, पण हा काही बोलत नाही." पाय चेपून घेताना त्यांच्या सासूबाई बोलत असत: कुठली जमीन कशी गेली, कोणती नणंद का रुसली, आमसुलाच्या साराला फोडणी कधी द्यायची. दिवसभरात त्या दोघींमध्ये तेवढेच काय ते बोलणे होई. म्हणून हल्ली सून वह्या तपासायला त्यांच्या शेजारी बसते. दोघींच्या पायांखाली एकेक चेंडू असतो. स्पंजचा हलका, सारखा दिवाणाखाली पळतो. मग आई हाक मारतात, "माझा गडी कुठे गेला बघ गं," आणि आम्ही केरसुणी घेऊन वाकतो.