छाप्याआधी तक्रार

चि. प्राजक्ता,


फौजदार म्हणून तुझी नेमणूक नगरलाच झाली, फार बरं वाटलं. चित्रा गल्लीत धंदा करणाऱ्या बायांचा विषय तुझ्यापुढे कधी ना कधी येईल, म्हणून आधीच लिहिते.

एचआयव्ही समुपदेशक म्हणून मी ज्या बायांशी बोलले, त्यांना आजार कसा टाळायचा हे तोंडपाठ होतं. निरोध जवळ असायचाच. अडायचं ते पैशापाशी. दारू प्यालेलं गिऱ्हाईक निरोध नको म्हणून जादा नोटा दाखवायचं. इकडे कुंटणखान्याच्या घरवालीचा वाटा आणि सावकाराचा हप्ता थकलेला. नाही म्हटलं तर मार. आणि मार खाऊन ठाण्यात गेलं, तर पहिला प्रश्न, ‘तू करतेस काय?’ गिऱ्हाइकालाही हे पक्कं ठाऊक असतं. त्याची हिंमत तिथूनच येते.

आता बराच धंदा मोबाइलवरून लॉजवर गेलाय. वस्तीत आरडाओरड झाली की शेजारच्या खोलीतल्या बाया धावून यायच्या. लॉजवर ती एकटीच असते.

कायदा तू शिकलीसच. अनैतिक व्यापार रोखणाऱ्या १९५६च्या कायद्यात सज्ञान बाईनं धंदा करणं हा मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे. पण आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा अठरा ओलांडला की तोही कलम ४च्या कचाट्यात सापडू शकतो. छाप्यात ‘सुटका’ झालेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. तेवढ्यात सावकाराचं व्याज थांबत नाही, आणि मुलं कुणाच्या तरी दारात.

मुलांचं हे दुखणं नगरनं आधी ओळखलं. गिरीश कुलकर्णींनी १९८९ साली स्नेहालय संस्था उभी केली, ती या बायांच्या मुलांकडे पाहूनच.

१९ मे २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मात्र वाचून ठेव. बुद्धदेव कर्मास्कर खटल्यातला. कोलकात्यात एका वेश्येचा खून झाला, त्यातून पुढे आलेला. निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ताबडतोब वैद्यकीय मदत द्यायची. पोलिसांनी तिच्याशी सन्मानानं वागायचं. वर्तमानपत्रांत तिची ओळख उघड होता कामा नये. म्हणजे छाप्यानंतर तोंडावर पदर घेतलेल्या बायांची रांग लावून फोटो छापणंही बंद.

अठराच्या आतली पोरगी दिसली, तर एक क्षणही थांबू नकोस. तिथे संमतीचा प्रश्नच नाही. सज्ञान बाईला मात्र आधी विचार, तिला काय हवंय. आणि तिच्यावर जबरदस्ती झाली असेल तर बहात्तर तासांच्या आत तिला जिल्हा रुग्णालयात पोचव. एचआयव्ही रोखणारं औषध त्यानंतर कामाचं नाही.

ठाण्यातल्या हवालदारांना एवढंच सांग: तक्रार आधी लिहायची, तिचा धंदा विचारायचा नाही. ही बातमी गल्लीत एका दिवसात पोचेल, आणि गिऱ्हाइकांपर्यंतही.

दिवाळीला आलीस की किती छापे घातलेस ते मी विचारणार नाही. किती तक्रारी लिहून घेतल्यास, ते विचारीन.

तुझी,
आत्या