ढोलीतली सातेरी

संपादकांनी ‘मधमाश्यांवर काहीतरी हलकंफुलकं’ मागितलं होतं. लिहायला बसलो आणि वाईजवळचं ते आंब्याचं झाड आडवं आलं.

मे अखेरच्या वळवात झाड मुळासकट पडलं. मालकांचा फोन आला, ‘साहेब, आग्या आहे, लवकर या.’ आग्या ढोलीत राहत नाही, हे मी अडतीस वर्षं सांगतोय. त्याचं एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लटकतं, फांदीला नाहीतर पुलाखाली. ढोलीच्या अंधारात शेजारी-शेजारी पोळी बांधते ती सातेरी. तिच्यावर टेंभा धरायला निघालेल्यांनी एवढं तरी बघावं.

ढोलीच्या तोंडाशी माश्या डोकं बाहेर करून पंखांनी वारा घालत होत्या. ही सातेरीची रीत; युरोपातली मेलिफेरा नेमकी उलट उभी राहते. खोडावर टिचकी मारली, तसा आतून सर्रर्र आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा.

आता आमच्यातला जुना वाद. अशी वसाहत काढून पेटीत घालावी, की ढोलीच्या वर-खाली करवत लावून ओंडकाच उभा करावा? पेटीवाले म्हणतात, ओंडक्यात पोळी तपासता येत नाहीत, मध काढता येत नाही. कबूल. पण पोळ्याचं प्रत्येक घर तोंडाशी किंचित वर उचललेलं असतं. झाड आडवं झालं की तो कल बिघडतो, पातळ मध गळतो, पोळी एकमेकांवर रेलतात. म्हणजे घाई करायची ती ओंडका उभा करायची, फोडायची नव्हे. शिवाय अळ्यांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते. ढोली फोडली की ती गेलीच. आणि सातेरी मोठी मानी. बिनसलं की पिल्लं टाकून सगळीच्या सगळी उठून जाते.

हे सगळं मी प्रशिक्षणात पोटतिडकीने सांगतो. त्या दिवशी मात्र मीच पेटी उघडली. करवतवाला खोळंबला होता, रस्ता अडला होता. आणि खरं सांगायचं तर, वीसेक माणसं माझा हात बघायला जमली होती.

अळ्यांची पोळी कापून चौकटीत बसवली, केळीच्या सोपटाने बांधली. मधाची पोळी बांधत नाहीत. भाराने तुटतात, मुंग्या येतात. कोपरापर्यंत हात घातल्यावर शेवटच्या पोळ्यामागे राणी सापडली, लांबट, काळसर, अंधाराकडे पळणारी. पिंजऱ्यात घेतली. टाळ्या पडल्या. लगेच मालक म्हणाले, ‘मध किती निघाला?’ दीडेक किलो. पातेलं तयारच होतं.

२०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ झालं, तेव्हापासून आमच्या भागात मध सगळ्यांना आठवतो. पण भर पावसात सातेरीला फुलं जेमतेम मिळतात. ते दीड किलो तिचा पावसाळ्याचा शिधा होता. मी बदल्यात साखरेचा पाक ठेवला.

तिसऱ्या दिवशी राणी मोकळी केली. सहाव्या दिवशी पेटी रिकामी होती. सोपट तसंच बांधलेलं, चौकटीत काळवंडलेल्या अळ्या, पाकाची वाटी अर्धी भरलेली. सहकारी म्हणाले, पावसामुळे गेल्या. असेलही. मला पटलेलं नाही.

तुमच्याकडे ढोलीचं झाड पडलं, तर माश्या असलेला तेवढा ओंडका जाणत्या माणसाकडून संध्याकाळी उभा करून घ्या, सावलीत ठेवा, आणि ढोलीचं तोंड मोकळं राहू द्या. मध मागू नका.