घोरपडीचं ताट

मृगाचं पहिलं पाणी पडून गेलं आणि आज सकाळी वावराच्या धुऱ्यावर घोरपड दिसली. जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी दुभंगलेली जीभ आतबाहेर करत हवेतला वास टिपत होती. मग नखांनी माती उकरली, एक हुमणी काढली, गिळली. लगेच दुसरी.

शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, घरी पाळली तर काय द्यायचं हिला? दूध-पोळी?"

मला हसू आलं. आपण कुणालाही माया लावायची म्हटली की आधी दुधाची वाटी पुढे करतो. नागपंचमीला सापालाही तेच. घोरपडीला दूधही नको, पोळीही नको. तिचं ताट वेगळंच: भुंगे, नाकतोडे, गोगलगायी, विंचू, खेकडे, उंदीर, पाखरांची अंडी, प्रसंगी मेलेलं जनावरही. पिल्लं तर बहुतेक किड्यांवरच वाढतात. शिवाय थंड रक्ताचा जीव. अंगाला ऊन मिळालं नाही, तर पोटातलं पचतही नाही. हे सारं पिंजऱ्यात कोण मांडणार?

आणि मांडूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे; पाळणं गुन्हाच. जखमी दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं, एवढंच आपलं काम.

पोरगा जरा हिरमुसला. मी म्हटलं, "धुऱ्यावर फवारा मारू नको. तिचं जेवण तिथंच वाढलेलं आहे."