ससून डॉकची पहाट

आम्ही सोलापूरची माणसे. समुद्र आमच्यापासून रेल्वेने साडेचारशे किलोमीटर. ताजा मासा म्हणजे उजनी धरणाचा कटला, रोहू नाहीतर चिलापी. समुद्राची मासळी आमच्या घरी आली ती सुकूनच. आठवडी बाजारातून आई सुकट आणि बोंबील आणायची. वडील गिरणीतून आले की निखाऱ्यावर बोंबील भाजायचे, वर लाल चटणी आणि ज्वारीची भाकरी. महिनाअखेरीला दोन बोंबलांत चौघांचे जेवण उरकायचे.

पण भाजायच्या आधी आई खिडकी लावून घ्यायची. वास बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे नोकरीला लागल्यावर भाड्याचे घर पाहायला गेलो, तर घरमालकाने भाड्याच्या आधी "खाता काय?" हे विचारले. ते घर मिळाले नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे बोंबील येणेच बंद झाले.

गेल्या हिवाळ्यात लग्नानिमित्त सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलो. आई म्हणाली, "राणीचा बाग नको. बोंबील येतो कुठनं, ते बघायचंय मला." म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच आम्ही कुलाब्याच्या ससून डॉकवर हजर झालो.

ही गोदी ससून घराण्याने १८७५ साली बांधली, ती कापसाच्या व्यापारासाठी. दोनच वर्षांनी, १८७७ साली, आमच्या सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली. कापसाचे ते दिवस गेले. आज या धक्क्यावर मासळी उतरते.

काय ती गर्दी! बोटी एकमेकींना खेटून उभ्या. टोपल्या हातोहात वर येतात. पापलेट, सुरमई, बांगडा, माकूळ, कोळंबीचे ढीग लागतात आणि तिथेच लिलाव सुरू होतो. बर्फाचे पाणी पायाखालून वाहत असते. हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत अंगावर येतो. या सगळ्यात ठामपणे उभ्या होत्या त्या कोळिणी. भाव पटला नाही तर पाठ फिरवतात, पटला की क्षणात पाटी डोक्यावर.

आमची मुलगी म्हणाली, दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरातही जगालची नावाचा असाच मोठा मासळी बाजार आहे आणि तिथेही विकायला बायकाच पुढे असतात. १९५० ते १९५३ च्या युद्धाने घरे उघडी पडली, तेव्हा कितीतरी जणींनी मासळी विकून संसार सावरले. देश कोणताही असो, संसार सावरणारे हात सारखेच.

आईने एका कोळिणीला विचारले, "मावशी, सुके बोंबील हितंच करता का?" ती हसली. म्हणाली, "इथं नाय. वेसाव्याला, मढला जा. बांबूच्या वलांडीवर वाळत घालतो." बोंबील मऊ आणि पाणीदार, ताजा फार टिकत नाही. म्हणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात आणि उन्हात चांगले खडखडीत वाळवतात. मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळी मेहनत वाया. आमच्या ताटातल्या त्या दोन बोंबलांमागे इतके हात होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

आणि आम्ही काय करत होतो? नाकाला रुमाल लावून उभे होतो. आईने वळून पाहिले. म्हणाली, "ते रुमाल काढा आधी. ह्याच वासावर भाकरी खाऊन मोठे झालात तुमी." आम्ही मुकाट्याने रुमाल खिशात घातले. ज्या वासावरून लोकांनी आम्हाला दाराबाहेर ठेवले, त्याच वासाला आम्हीही नाक मुरडायला शिकलो होतो.

वाचकहो, जायचे असेल तर उजाडायच्या आत पोचा. जुन्या चपला घाला. डोळे भरून पाहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जाऊ नका.

येताना बाजारातून सुक्या बोंबलांची जुडी आणली. सोलापूरला पोचल्यावर आईने गॅसवर तवा ठेवला आणि सवयीने खिडकीकडे हात नेला. आम्ही म्हणालो, "राहू दे उघडी."