मनगटाला आधार

बोलिंग म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे बुमराहच येतो. म्हणून आधीच सांगते, हे ते नव्हे. हे दहा पिना पाडायचं बोलिंग. साठ फुटांवर त्रिकोणात उभ्या केलेल्या पिना, मधे तेल लावलेली गुळगुळीत लाकडी वाट, आणि दोन्ही बाजूंना गटार. (गटार हा माझा शब्द नाही हो, इंग्रजीतही तेच म्हणतात!)

न्यू जर्सीत लेकीकडे आले की मंगळवारची सकाळ माझी आणि विहीणबाईंची. ज्येष्ठांसाठी त्या वेळी दर कमी असतो. आम्हां दोघींनाही गाडी चालवता येत नाही; शेजारच्या एक आजी येता-जाता घेऊन जातात. ज्यांनी तिथे सहा-सहा महिने काढलेत त्यांना हे सांगायला नको, की मुलं कामावर गेल्यावर त्या घरात किती शांतता असते. तेव्हा या तीन गेम्सचं मोल माझ्या लेखी गुणांपेक्षा फार जास्त आहे. आणि ते सगळं अडलं होतं मनगटापाशी.

२०१६ साली पुण्यात अंगणात पाय घसरून उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण जोर पूर्वीचा राहिला नाही. पहिला गेम ठीक जायचा, दुसऱ्याच्या अखेरीस चेंडूच्या भाराने हात मागे वळू लागायचा. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर. पण हात मागून झुलत खाली येतो तेव्हा नुसत्या वजनापेक्षा ओढ जास्त लागते. त्या क्षणी मनगट मागे मोडलं की अंगठा भोकातून वेळेवर सुटत नाही, चेंडू धप्पकन पडतो आणि कुठेही जातो. मनगट सरळ राहिलं तर आधी अंगठा सुटतो, मग दोन बोटं, आणि चेंडू शहाण्यासारखा घरंगळतो.

जावईबापूंनी प्रेमाने औषधाच्या दुकानातून एक पट्टा आणला. पट्टा चांगलाच होता, पण बोटांना रात्री मुंग्या येणाऱ्यांसाठीचा. त्याची धातूची पट्टी तळहाताच्या बाजूने होती. चेंडू तळहातावर टेकणार, आणि नेमकी मधे पट्टी! बोलिंगच्या पट्ट्यात ती हाताच्या पाठीवर असते, हा पहिला फरक.

मुलीचं म्हणणं, ऑनलाइन मागव. मी म्हटलं, चप्पलसुद्धा मी पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. मग तिथल्याच प्रो शॉपमध्ये गेलो. किती प्रकार! एक नुसता हातमोजा, तळव्याला गादी असलेला. त्याने पकड बरी होते, मनगट मात्र मोकळंच. दुसऱ्यात मुठीच्या मागून कोपराच्या दिशेने चार-पाच इंच जाणारी धातूची पट्टी. तिसऱ्यात ती पट्टी तर्जनीवरही चढते. आणि चौथा म्हणजे यंत्रच, त्यात मनगट किती आत वाकवून धरायचं ते ठरवता येतं. ज्यांना चेंडू फिरवून पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत घालायचा असतो त्या उजव्या खेळाडूंसाठी तो ठीक. माझ्यासारखीने तो घालणं म्हणजे वरणभाताला काटा-चमचा. मी दुसरा घेतला.

दुकानातल्या माणसाने माझाच चेंडू हातात देऊन पट्टा बसवला, हे मला फार आवडलं. (चेंडू माझ्या बोटांच्या मापाने भोकं पाडून घेतलेला आहे. तिथे ठेवलेले आठ पौंडी चेंडू मुलांसाठी असतात, त्यात माझा अंगठा जात नाही.) अंगठ्याच्या मुळाशी कापड आलं तर अंगठा पूर्ण आत जात नाही, ते आधी बघायचं. पट्ट्याची कड चेंडूला घासता कामा नये. हात खाली सोडून वेलक्रो आवळायचा, मूठ दोनदा उघडमीट करायची. नखं पांढरी पडली किंवा बोटं बधिर झाली तर सैल करायचा. आपली पाळी येईपर्यंत वरचा वेलक्रो मी सोडूनच ठेवते. घामाने आतलं कापड ओलं होतं, म्हणून घरी आल्यावर वाऱ्यावर टांगायचा.

विहीणबाईंचं मत, "अहो, अशाने मनगट आणखी आळशी होईल." यात तथ्य आहे. म्हणून पट्टा फक्त तिथेच. घरी मऊ रबरी चेंडू दाबायचा व्यायाम चालू. वर्गात दुरेघी वही देताना मी हाच विचार करायची. काही मुलांच्या रेघा चौथीत सुटल्या, काहींच्या सातवीपर्यंत सुटल्या नाहीत, आणि अक्षर दोघांचंही वाचता येत होतं. दुखणं मात्र वेगळं. पट्टा हा दुखण्यावरचा इलाज नाही. चेंडू उचलतानाच कळ येत असेल तर तो हलका घ्यावा, भोकं तपासून घ्यावीत (अंगठा सैल असेल तर आपण चेंडू आवळून धरतो आणि सगळा ताण मनगटावर येतो), नाहीतर सरळ डॉक्टर गाठावा.

शेजारच्या लेनवरची पोरं हल्ली दोन्ही हातांनी चेंडू टाकतात, अंगठा न घालता. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीने ही तऱ्हा गाजवली. सुरुवातीला लोक त्याला हसले म्हणे. त्या पोरांची कंबर बघून मला धडकी भरते, ते माझा पट्टा बघून मान हलवतात. असो.

गुण फार वाढले नाहीत. पण तिसऱ्या गेमच्या दहाव्या डावाला चेंडू पहिल्या डावासारखाच सरळ जातो, आणि संध्याकाळी पोळ्या लाटता येतात. परवा विहीणबाईंनी हळूच पट्टा हातात घेऊन पाहिला. त्या डावखुऱ्या, त्यामुळे माझा त्यांना उपयोगाचा नाही. डाव्या हाताचा बघायला मंगळवारी खेळाच्या आधी अर्धा तास लवकर निघायचं ठरलंय.